त्या रात्री तिला हात लावायचा नव्हता

झोपेची तपासणी दुखत नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. सुई नाही, भूल नाही, कापाकापी नाही. मुलाच्या डोक्याला, छातीला, पायाला तारा चिकटवतात आणि त्याला झोपू देतात. सकाळी तारा काढून घरी पाठवतात.

तरीही, माझी मुलगी जुई जन्मल्यापासूनच्या सगळ्या रात्री कुणी माझ्यासमोर मांडल्या आणि विचारलं, यातली कुठली पुन्हा नको, तर मी त्याच रात्रीवर बोट ठेवीन. का, ते लिहितोय. कुणाला आपलं मूल घेऊन जायची वेळ आली, तर निदान मनाची तयारी असावी.

*

आम्ही दापोलीजवळच्या एका वाडीत राहतो. माझी आंबा-काजूच्या कलमांची छोटी रोपवाटिका आहे. घरात मी, बायको शुभांगी, माझी आई आणि आमची मुलगी जुई. हे घडलं तेव्हा जुईला पाचवं वर्ष चालू होतं. तिला जन्मापासून डाऊन सिंड्रोम आहे. ते कळलं त्या दिवसाबद्दल इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो, की त्या दिवसापासून आमच्या घरात एक वाक्य मुक्कामाला आलं. "ती पोरां अशीच असतात."

उशिरा चालली, अशीच असतात. शब्द येऊन पुन्हा गेले, अशीच असतात. अंगणवाडीत खिचडीच्या ताटलीवर डुलक्या काढते, अशीच असतात. हे फक्त माझी आई म्हणायची असं नाही. शेजारी म्हणायचे, पाहुणे म्हणायचे, एका डॉक्टरांनीही म्हटलं होतं.

आणि ती घोरायची. एवढ्याशा जिवाचं घोरणं पार अंगणात ऐकू यायचं. आई हसायची. "तुझा बापूस पण असाच घोरायचा. घरातलं माणूस घोरताना ऐकलं की मला झोप लागते."

जुईची झोपायची रीतही वेगळी होती. मांडी घालून बसायची, मग कमरेत वाकून कपाळ गादीला टेकवायची आणि तशीच दुमडून झोपायची. पाहुणे कौतुकाने फोटो काढायचे. "नमस्कार करत झोपते बघा पोर!" तिला सरळ निजवलं, की थोड्या वेळात धडपडून उठायची आणि पुन्हा दुमडायची. मध्येच घोरणं बंद व्हायचं. तेव्हा आम्हाला बरं वाटायचं. गाढ झोपली वाटतं, असं म्हणून आम्हीही कूस बदलायचो.

ती शांतता म्हणजे काय होती, ते आम्हाला फेरीबोटीवर कळलं.

*

शुभांगीचं माहेर हेदवीचं. दाभोळहून गाडी फेरीबोटीत चढवली, की पलीकडे धोपावे, आणि तिथून पुढे तासाभराचा रस्ता. त्या दुपारी आम्ही तिघं मोटरसायकलवर निघालो होतो. बोटीवर जुई माझ्या खांद्यावर झोपली. लख्ख ऊन होतं. शेजारी एक वयस्कर गृहस्थ उभे होते, जहाजावर नोकरी करून निवृत्त झालेले, दाभोळचेच. आमचं इकडचं-तिकडचं बोलणं चाललं होतं. बोलता बोलता ते थांबले.

"भाऊ, बच्चीचे ओठ बघा."

मला तिचा चेहरा दिसत नव्हता. शुभांगीने पुढे येऊन पाहिलं आणि माझा दंड घट्ट धरला. मी जुईला खांद्यावरून खाली घेतलं. ओठ जांभळाच्या सालीसारखे झाले होते. छाती हलत होती, पोट आत-बाहेर ओढलं जात होतं, पण नाकातोंडातून काहीच येत-जात नव्हतं. मी तिला गदागदा हलवलं. तिने पाण्यातून वर आल्यासारखा आचका दिला, श्वास घेतला, डोळे न उघडताच पुन्हा मान टाकली. घोरणं सुरू झालं.

त्या काकांनी शुभांगीला बाटलीतलं पाणी दिलं. म्हणाले, "हे पहिल्यांदा झालंय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. रात्री आमच्या खोलीत बारीक दिवा असतो. त्या उजेडात ओठांचा रंग दिसत नाही.

धोपाव्याला उतरून आम्ही हेदवीला गेलोच नाही. पुढच्याच फेरीने परत फिरलो.

*

दापोलीच्या बालरोगतज्ज्ञांनी झोपेतला व्हिडिओ मागितला. शुभांगीने तो काढला. त्यांनी मोबाइल हातात घेऊन एकदा पाहिला, मग आवाज मोठा करून पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा पाहायला लागले तेव्हा शुभांगी म्हणाली, "डॉक्टर, बंद करा ना."

झोपेत तिचा घसा मिटतोय, असं त्यांनी सांगितलं. या मुलांची घशाची जागा अरुंद असते, जीभ सैल असते, त्यात टॉन्सिल्स मोठे. किती वेळा मिटतो, किती वेळ मिटलेला राहतो, हे मोजल्याशिवाय पुढचं ठरवता येणार नाही. त्यासाठी रत्नागिरीला एक रात्र.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "घोरण्याची कसली तपासणी? काय नाय होत. ती पोरां..."

"आई, पुढचं बोलू नका," शुभांगी म्हणाली. लग्न झाल्यापासून ती माझ्या आईला असं कधी बोलली नव्हती. आई उठून मागीलदारी गेली. तपासणीची तारीख मिळेपर्यंत दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या.

त्या मधल्या काळात आम्ही दोघं पाळीपाळीने जागायचो. घोरणं थांबलं, की जुईच्या पाठीवर थाप मारायची. नाही जमलं तर हनुवटी वर उचलायची. तेवढ्यानेही नाही झालं तर बसवायचं. सकाळी मी कलमं बांधायला बसलो, की चाकू हातातून निसटायचा. शुभांगी आमटीत दोनदा मीठ घालायची. भांडायला आम्हाला कारण लागत नव्हतं. एकदा मी तिच्यावर ओरडलो, कारण तिने भांडं आपटलं आणि जुई जागी झाली. एकदा ती माझ्यावर ओरडली, कारण जुई जागी झाली नाही.

*

तपासणीच्या दिवशी मुलाला दिवसा झोपू द्यायचं नाही, केसांना तेल लावायचं नाही, असं फोनवर बजावलं होतं. तेल आईने आदल्या संध्याकाळी लावून ठेवलंच होतं. पहाटे दोनदा शाम्पूने डोकं धुतलं, जुईने रडून घर डोक्यावर घेतलं, आणि आम्ही एसटीत बसलो.

दापोली ते रत्नागिरी हा प्रवास, आणि पोरीला झोपू द्यायचं नाही! गाडी सुटली तशी तिची मान लवंडायला लागली. गाणी म्हटली. गुदगुल्या केल्या. खिडकीबाहेरच्या म्हशी दाखवल्या. चिपळूण मागे पडल्यावर काहीच चालेना, तेव्हा शुभांगी ओला रुमाल तिच्या तोंडावरून फिरवत राहिली. जुई हात झटकत होती, हुंदके देत होती. पुढच्या बाकावरची बाई शेवटी वळली.

"झोपू द्या की तिला! कसली माणसं तुम्ही? लेकरू पेंगतंय आणि तोंडावर पाणी मारताय?"

शुभांगीने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि रुमाल फिरवत राहिली.

तुम्ही जाणार असाल तर मुलाच्या अंगाखालची रोजची चादर घेऊन जा. स्वच्छ धुतलेली नको, वापरातली. तिचा वास आम्हाला फार उपयोगी पडला. आणि स्वतःसाठी स्वेटर न्या, खोली थंड असते.

*

रुग्णालयात मुलाजवळ एकानेच थांबायचा नियम होता. जुई झोपताना माझ्या कानाची पाळी चोळत झोपते, म्हणून मी आत गेलो. शुभांगी बाहेर बाकावर. दार लागताना ती म्हणाली, "मला काही सांगायला येऊ नका. सकाळी एकदम सांगा."

तारा लावणाऱ्या ताई पन्नाशीच्या होत्या. वैशालीताई. त्यांनी आधी माझ्या गालावर चिकटपट्टी लावली, मग कपाळावर, मग नाकावर. जुई खुदकन हसली. तिच्या गालावर लावली तेव्हाही हसली. पण डोक्याला मलम लावून एकेक तार चिकटवायला सुरुवात झाली आणि हसू संपलं. छातीला पट्टा, पोटाला पट्टा, पायाच्या अंगठ्याला प्राणवायू मोजणारा लाल दिवा, नाकाखाली बारीक नळी. नळी तिने उपटली. पुन्हा लावली, पुन्हा उपटली. शेवटी मी तिचे दोन्ही हात धरले. ती माझ्याकडे बघत होती. तिला बोलता येत नव्हतं, पण त्या नजरेचा अर्थ कळायला शब्द कशाला लागतात? तू पण?

रडून रडून थकली, तेव्हा घरच्या चादरीवर लवंडली. हात माझ्या कानाकडे आला.

वैशालीताई हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, आता एक ऐका. घरी तुम्ही तिला हलवत असाल. थापटत असाल."

"हो."

"आज नाही. श्वास थांबला तरी हात लावायचा नाही. तुम्ही हलवलंत तर ती श्वास घेईल, आणि मशीनला वाटेल सगळं ठीक आहे. मी पलीकडे पडद्यावर बघत असते. गरज पडली तर मीच येईन."

मी मान हलवली. हो म्हणणं सोपं होतं.

दिवा मालवला. घोरणं सुरू झालं. मग थांबलं.

आजवर त्या शांततेत मी काही ना काही करत आलो होतो. आता मी हात मांडीखाली घातले. पोट आत ओढलं जात होतं, बरगड्यांमधली कातडी खड्ड्यासारखी आत जात होती. अंगठ्याचा लाल दिवा तेवढा जळत होता. माझं पोरगं माझ्या हातभर अंतरावर गुदमरत होतं आणि मी बसलो होतो. मी मनात आकडे म्हणू लागलो, मग सोडून दिले. शेवटी आचका आला. घोरणं आलं. देवाचं नाव घेईपर्यंत ते पुन्हा थांबलं.

असं किती वेळा झालं, ते मी सांगू शकत नाही. ती उठून दुमडायला बघायची, तारांत अडकायची, पुन्हा पडायची. तिचा हात माझ्या कानावरून केव्हाच गळला होता. एकदा मी उठून दारापर्यंत गेलो, कारण बसलो असतो तर तिला उचललंच असतं. भिंतीला कपाळ लावून उभा राहिलो. मागे घोरणं थांबलं होतं आणि सुरू होत नव्हतं. होतच नव्हतं.

मी वळलो तेवढ्यात दार उघडलं. वैशालीताई जवळजवळ धावतच आल्या. त्यांनी जुईला उठतं केलं, मान मागे घेतली, तोंडावर प्राणवायू धरला. ती खोकली, रडली, भिजलेल्या मांजरासारखी माझ्या पोटाला चिकटली.

"झालं?" मी विचारलं. "आणखी लागेल?"

त्या प्राणवायूची नळी नीट करत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "नाही दादा. पुरे झालं. जेवढं बघायचं तेवढं दिसलंय."

उरलेली रात्र मी तिला छातीशी उभी धरून बसलो. सकाळी बाहेर आलो तेव्हा शुभांगीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. जुईच्या केसांतलं मलम ती नखाने खरवडून काढत राहिली.

*

अहवाल सांगणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. झोप म्हणजे आपल्याला विश्रांती, जुईला ती रोजची झटापट आहे, असं त्या म्हणाल्या. मेंदूला रात्रभर पुरेसा प्राणवायू मिळत नाही, म्हणून दिवसा पेंग. कदाचित म्हणूनच आलेले शब्दही गेले. मग त्याच सकाळी काढलेली हृदयाची सोनोग्राफी समोर ठेवली. उजव्या बाजूवर ताण आला होता. फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला होता.

"हे किती दिवसांपासून?" शुभांगीने विचारलं.

"एका दिवसात होत नाही हे. वर्षं लागतात."

टॉन्सिल्स काढायला हवेत, पण हृदयावर ताण असल्यामुळे भूल देणं धोक्याचं. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात करा, लहान मुलांचा अतिदक्षता विभाग असेल तिथेच.

घरी आईला मी सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "म्हणजे ती नमस्कार करत नव्हती?"

"नाही आई. वाकल्यावर तिला श्वास घेता यायचा."

आई पदर तोंडाला लावून बसली. शुभांगी तिच्याजवळ जाऊन बसली. दोघी उठल्या तेव्हा स्वयंपाकघरात एकत्र गेल्या.

*

मुंबईची शस्त्रक्रिया नीट झाली. नंतरचं नीट झालं नाही. घशातली श्वासाची नळी काढली तशी जुई निळी पडली, नळी पुन्हा घालावी लागली. घशाला सूज होती. मग ताप आला. अतिदक्षता विभागाच्या काचेतून ती दिसायची, हात दोन्ही बाजूंना मऊ पट्ट्यांनी बांधलेले, नळी ओढू नये म्हणून. बघायला थोडाच वेळ मिळायचा. तेवढ्यात शुभांगी तिच्या तळव्यांना खोबरेल तेल लावायची. परिचारिका रागावतील असं वाटलं होतं, पण एकीने नंतर वाटी ठेवायला जागा करून दिली.

एका संध्याकाळी बाहेरच्या खुर्च्यांवर शुभांगी म्हणाली, "एक सांगू? कुणाला सांगणार नाही ना?"

"काय?"

"मघाशी आत मला वाटलं, संपत असेल तर संपू दे. तिचे हाल बघवत नाहीत." ती रडत नव्हती. "आई असून मला असं वाटलं."

मी तिचा हात धरला. त्याच दुपारी मलाही तेच वाटलं होतं, हे मी तेव्हा बोललो नाही. रात्री बोललो. त्यानंतर आमची भांडणं कमी झाली, का ते मला सांगता येत नाही. तुमच्याही मनात असं आलं तर घाबरू नका. ते येतं, आणि दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा तेलाची वाटी घेऊन जातो.

दुसऱ्या खेपेला नळी निघाली. जुईचा आवाज कित्येक दिवस बसलेला होता. पहिल्यांदा ती रडली तेव्हा फक्त तोंड उघडं दिसलं, आवाज नाही.

*

आता इथे सगळं बरं झालं असं लिहायला मला आवडलं असतं.

काही महिन्यांनी रत्नागिरीला पुन्हा तीच तपासणी झाली. आत पुन्हा मीच. श्वास थांबणं पुष्कळ कमी झालं होतं, पण थांबलं नव्हतं. डॉक्टरांनी झोपताना लावायचं हवेचं मशीन दिलं. नाकावर मास्क, त्यातून दाबाने हवा येते आणि घसा मिटू देत नाही. रोज रात्री, न चुकता.

मास्कची सवय लावायला आमची सगळी थंडी गेली. आधी मी लावून दाखवायचो, मग शुभांगी, मग जुईला लावायचो. ती ओरबाडायची, थुंकायची, पट्टे चावायची. एका संध्याकाळी आई म्हणाली, "आण इकडं," आणि मास्क स्वतःच्या नाकाला लावून नळी हलवत सोंडेसारखी डुलली. "बघ गं, कोण आला? गणपती आला!" जुईने नळीला हात लावला, मग स्वतःचं नाक पुढे केलं. त्या दिवसापासून मास्क लावायचं काम आईचं आहे. आमच्या हातून जुई लावून घेत नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते ती जाते. एकदा वादळात रात्रभर गेली, मशीनची बॅटरी मध्येच संपली. तेव्हा आम्ही तिघांनी पाळीपाळीने जुईला उभं धरून रात्र काढली.

हृदयावरचा ताण थोडा कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही. गेल्या खेपेला मी डॉक्टरांना विचारलं, पुढे काय? त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही आणि तारीखही देणार नाही. मशीन सोडू नका." परतीच्या एसटीत जुई खिडकीला नाक लावून जागी होती. हल्ली ती दिवसा झोपत नाही.

त्या रात्री शुभांगी म्हणाली, "आज कुणीच जागायचं नाही. मशीन आहे ना? त्याला करू दे त्याचं काम."

"आणि मास्क निघाला तर?"

"तर गजर वाजेल. मला झोपायचंय हो."

मी नुसता डोळे मिटून पडून राहीन म्हटलं होतं. डोळे उघडले तेव्हा खोलीत ऊन आलेलं होतं. मी रात्रीतून एकदाही उठलो नव्हतो. मशीनचा आवाज येत नव्हता. मान तिच्याकडे वळवायची हिंमत होईना.

तेवढ्यात माझ्या गालावर सणसणीत चापट बसली. मग दुसरी. जुई माझ्या उशीशी बसली होती, मशीनचं बटण स्वतःच बंद करून, मास्क कपाळावर चढवून, भुकेने वैतागलेली.

पलीकडून शुभांगीने डोळे न उघडताच घोगऱ्या आवाजात विचारलं, "श्वास घेतेय ना?"

"मारतेय मला," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि कूस बदलून पुन्हा झोपली.